रक्तदात्याचे देणे

नेत्यांचे वाढदिवस, थोरांच्या जयंत्या आणि गणेशोत्सव यांच्या निमित्ताने आपल्याकडे रक्तदानाची शिबिरे भरतात आणि सायंकाळी किती पिशव्या जमल्या याचा आकडा अभिमानाने जाहीर होतो. ही प्रथा स्तुत्यच आहे. शस्त्रक्रिया, अडलेली बाळंतपणे आणि थॅलेसेमियाने पीडित मुलांचे उपचार या दात्यांच्या औदार्यावरच चालतात. परंतु ज्याच्या दंडातून पिशवी भरली त्याच्या शरीरात काय उरले, याची विचारपूस सहसा होत नाही, हे आम्हांला खटकते.

दाता निरोगी आहे की नाही हे ठरविताना त्याचे हिमोग्लोबिन पाहतात. ते १०० मिलिलिटर रक्तात १२.५ ग्रॅम भरले की तो पात्र ठरतो. हा निकष आवश्यक खरा. पुरेसा मात्र नव्हे. हिमोग्लोबिन हा घरखर्चाचा हातातला पैसा होय. शिल्लक असते ती यकृतात व अस्थिमज्जेत साठविलेल्या लोहाची, आणि रक्तातील फेरिटिनवरून तिचा अदमास येतो. चणचण भासताच शरीर प्रथम ही शिल्लक मोडते. ती संपत आल्यावरच हिमोग्लोबिन उतरू लागते. तेव्हा रक्तपेशींची गणना यथास्थित असूनही लोहाची कोठी रिती असू शकते.

हिशेबच मांडावयाचा तर पुरुषाच्या शरीरात सुमारे १ ग्रॅम, तर स्त्रीच्या शरीरात सुमारे ३०० मिलिग्रॅम लोह साठ्यात असते. ३५० मिलिलिटर रक्ताबरोबर त्यातले सुमारे १५० मिलिग्रॅम निघून जाते. अन्नातून रोज शोषले जाते ते एकदोन मिलिग्रॅम, आणि त्यातलेही बरेचसे नित्याची झीज भरून काढण्यात खर्ची पडते. नियमानुसार मात्र पुरुषाला ९० दिवसांनी आणि स्त्रीला १२० दिवसांनी पुन्हा रक्त देता येते. अमेरिकेत २१५ दात्यांवर झालेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लोहाच्या गोळ्या न घेणाऱ्यांपैकी ६७ टक्के दात्यांचा साठा १६८ दिवसांतही पूर्ववत झाला नाही. तेथे एका वेळी अधिक रक्त घेतात हे खरे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळलेल्या देशाने त्यावर निश्चिंत राहावे, असे कोण म्हणेल?

असल्या चर्चेने दाते बिचकतील, अशी शंका काहींना येईल. आम्हांला ती पटत नाही. थकवा येऊन अथवा हिमोग्लोबिन कमी भरल्यामुळे परत पाठविला गेलेला दाता पुन्हा शिबिराकडे फिरकेलच असे नाही. ज्याची काळजी घेतली जाते तो वर्षानुवर्षे येत राहतो. म्हणून वारंवार रक्त देणाऱ्यांचे, विशेषतः तरुण स्त्रियांचे, फेरिटिन वर्षातून एकदा तरी तपासले जावे आणि साठा कमी आढळल्यास त्यांना वैद्यकीय सल्ल्याने लोहाच्या गोळ्या मिळाव्यात. सल्ल्याविना गोळ्या घेणे मात्र इष्ट नव्हे, कारण लोहाचा अतिरेकही अपायकारकच असतो.

या कामी लागणारा पैसा मंडप, फलक आणि भेटवस्तू यांच्या खर्चातून काढणे अवघड नाही. दात्याने समाजाचे ऋण मानून रक्त दिले. आता समाजाने त्याचे देणे मानावयास हवे. केवळ टाळ्या आणि प्रशस्तिपत्रे यांनी ते फिटणारे नाही.