दर ठरविण्याचा अधिकार

अक्कलकोटात स्वामींच्या दर्शनाला येणाऱ्यांची गर्दी वाढली, तशी भक्तनिवासांची आणि लॉजांची बांधकामे वाढली. आणि त्यांच्या सावलीत गावात एक नवी पाटी दिसू लागली. 'सल्लागार' ही ती पाटी. बांधकाम सल्लागार, कर सल्लागार, कर्ज प्रकरणांचे सल्लागार. पाटीमागे बसलेला तरुण बहुधा सोलापुरात शिकलेला असतो. सरकारी भरतीची वाट पाहून थकलेला असतो, पुण्याच्या खोलीभाड्याला कंटाळून परत आलेला असतो. तो स्वतःला स्वतंत्र व्यावसायिक म्हणवतो. हे स्वातंत्र्य त्याने निवडलेले नाही, नोकरी न मिळाल्यामुळे ते त्याच्या पदरी पडले आहे. ते अभिमानाने मिरवावे असे त्याला वाटते, याबद्दल त्याला दोष देण्याचे कारण नाही.

अशाच एका स्थापत्य अभियंत्याने मध्यंतरी आम्हाला विचारले, "फी किती मागावी, हेच कळत नाही. जास्त सांगितली तर गिऱ्हाईक जाते, कमी सांगितली तर घर चालत नाही." त्याने एका लॉजचे नकाशे काढून दिले होते. सांगितलेली रक्कम घासाघीस होऊन निम्म्यावर आली आणि त्या निम्म्यातलीही अर्धी अजून येणे होती. मालकाचे नाव येथे घेण्याची गरज नाही. असे मालक गल्लोगल्ली आहेत.

या प्रश्नाचे एक उत्तर व्यवसायाच्या जाणकारांनी तयार ठेवलेले आहे, आणि ते चांगले उत्तर आहे. ते म्हणतात, आधी घरखर्च मांडा. त्यात कचेरीचे भाडे, वीज, संगणक, प्रवास मिळवा. मग वर्षाचे दिवस मोजा. पण ३६५ ने भागू नका. रविवार ५२ गेले. सण आणि आजारपण यांचे २३ धरा. उरलेल्या २९० पैकी काम शोधण्यात, नगरपरिषदेच्या खेपा घालण्यात आणि थकलेली बिले वसूल करण्यात १२० दिवस जातात. त्यांचे पैसे कोणी देत नाही. उरले १७०. घर आणि कचेरी मिळून वर्षाला ६ लाख लागत असतील, तर एका दिवसाचा दर सुमारे ३,५०० रुपये झाला. भोळेपणाने ३६५ ने भागले असते तर तो १,६५० च्याही आत आला असता, आणि मग आपण अर्ध्या किमतीत का राबतो आहोत, याचा उलगडा त्या तरुणाला कधीच झाला नसता.

हा हिशोब आम्हाला मान्य आहे. आमची तक्रार एवढीच की, तो फक्त पाटीवाल्याला शिकविला जातो.

अक्कलकोटहून सोलापूरकडे निघाले की रस्त्यात कुंभारी लागते. कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने उभी राहिलेली विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत तेथे आहे. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील दीर्घ लढ्यातून ती उभी राहिली आणि २००६ साली कामगारांच्या ताब्यात आली. या वसाहतीतील घर म्हणजे नुसते राहण्याचे घर नव्हे, तो कारखानाही आहे. रात्री पाने भिजवायची, सकाळी ती फर्म्यावर धरून कात्रीने कापायची, सुपात तंबाखू घेऊन विडी वळायची, तोंड मुडपायचे, दोरा बांधायचा, कट्टे करायचे आणि कारखान्याच्या शाखेत नेऊन रांगेत उभे राहायचे. तेथे तपासनीस माल पाहतो. पसंत न पडलेली विडी 'छाट' म्हणून बाजूला काढली जाते. मजुरी दर हजारी मिळते.

आता अभियंत्याचा तोच कागद या बाईच्या पुढे ठेवा. कचेरीचे भाडे? तिच्या खोलीचा कोपरा कारखानदाराने फुकट वापरला. वीज, कात्री, सूप? तिचेच. दिलेली पाने वाळकी निघाली, किडकी निघाली, तर हजाराची भरती करण्यासाठी बाजारातून आणलेली पाने? तिच्याच पदरची. शाखेत जाण्यायेण्याचे आणि रांगेत उभे राहण्याचे तास? बिनमोबदला. माल मिळाला नाही म्हणून रिकामे गेलेले दिवस? तेही तिचेच. तंबाखूच्या धुळीने धरलेला खोकला, अंधारात शिणलेले डोळे, शाळेतून आल्यावर दोरा बांधायला बसलेली मुलगी, यांपैकी काहीही दर हजारीच्या दरात नाही. जो रकाना अभियंत्याच्या हिशोबात 'अटळ खर्च' म्हणून येतो, तोच या बाईने मांडला की वर्तमानपत्रांत 'अवास्तव मागणी' होतो.

वाचक म्हणतील, ती कामगार आहे, तो स्वतंत्र आहे; तुलना कशी करता? येथेच खरी मेख आहे. कारण याच विडी वळणाऱ्यांना 'स्वतंत्र' ठरविण्याचा प्रयत्न या राज्यातील कारखानदारांनी वर्षानुवर्षे केला. शंकर बालाजी वाजे या विडी कारखानदाराच्या खटल्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, विडी वळणारा आपल्या मर्जीने येतो, आपल्या मर्जीने जातो, त्याच्या कामावर देखरेख नाही. सबब कारखाना कायद्याच्या अर्थाने तो कामगारच नव्हे. सबब त्याला भरपगारी रजा नाही. मर्जीने येण्याजाण्याचे हे स्वातंत्र्य केवढे महाग पडले, ते पाहा! त्या स्वातंत्र्यात दर ठरविण्याचा अधिकार मात्र कोठेच नव्हता. तो दर कारखानदार ठरवीत होता, आणि गरजेपुढे वळणाऱ्याची मर्जी चालत नव्हती.

हे चित्र पालटायला कायदा व्हावा लागला. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विडी वळणारीलाही कर्मचारी मानले. कारखानदार न्यायालयात गेले. १९७४ साली मंगलोर गणेश बीडी वर्क्सच्या खटल्यात तो कायदा टिकला. मग भविष्यनिर्वाह निधी देण्याची वेळ आली, तेव्हा पुन्हा तीच रड: या बायका आमच्या नोकर नाहीत. पी. एम. पटेल यांच्या १९८५ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले की, माल नाकारण्याचा हक्क ज्याच्या हाती आहे, त्याचे त्या कामावर नियंत्रण आहे. ज्या छाटीने बाईची मजुरी खाल्ली, तीच छाट अखेर तिच्या हक्काचा पुरावा ठरली. चोवीस वर्षे लागली याला.

आणि मजुरीचा हिशोब? तोही मांडलेला आहे. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाची मोजणी ठरवून दिली: तीन माणशी कुटुंब-एकके, प्रत्येकी २,७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि जळण-दिवाबत्तीसारख्या खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या खटल्यात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के जोडले. अभियंत्याचा कागद आणि हा निकाल शेजारी ठेवून वाचावेत. दोन्ही एकाच जागी सुरू होतात. अंगी किती कसब आहे, बाजार काय म्हणतो, मालकाला काय परवडते, यांपैकी एकाही प्रश्नाने नव्हे. घर चालवायला काय लागते, या प्रश्नाने. गरजेप्रमाणे मोबदला ही कल्पना समाजवाद्यांचे स्वप्नरंजन आहे, असे ऐकविणारा सुशिक्षित मनुष्य स्वतःची फी ठरविताना नेमका गरजेपासूनच आरंभ करतो.

फरक आहे, तो पुढच्या पायरीवर. हिशोब मांडणे एक आणि तो दर पदरात पाडून घेणे दुसरे. आमच्या अभियंत्याचा ३,५०० चा आकडा बिनचूक होता. तरी लॉजमालकाने तो मोडला, कारण त्याच रस्त्यावर दुसरी पाटी होती, आणि दुसऱ्या पाटीमागचा तरुणही तितकाच अडलेला होता. ग्रामपंचायतीच्या कामाला गेले, तर तेथे सर्वांत कमी रकमेची निविदा उघडते. कसबाने दर वाढतो, ही समजूत मोठ्या शहरातल्या मूठभरांच्या अनुभवावर पोसलेली आहे. तालुक्याच्या गावी दर ठरतो तो रांगेत मागे उभ्या असलेल्याच्या नडीने.

हे ओळखूनच जुन्या, संघटित व्यवसायांनी आपली सोय करून घेतली. सनदी लेखापालांची संस्था किमान शुल्काची शिफारस छापून प्रसिद्ध करते; शहरांची वर्गवारी करून मोठ्या आणि लहान गावांसाठी निरनिराळे आकडे देते. वकिलाने दाव्याच्या निकालावर वा मिळकतीच्या हिश्शावर फी ठरवू नये, असा वकील परिषदेचा नियम आहे. म्हणजे ज्यांना समाज सर्वांत प्रतिष्ठित मानतो, त्यांनीही फीचा प्रश्न एकट्यादुकट्याच्या हिकमतीवर सोडलेला नाही. मात्र अक्कलकोटच्या पाचपंचवीस सल्लागारांनी बसून आपसांत बंधनकारक दर ठरविला, तर २००२ चा स्पर्धा कायदा त्याला संगनमत म्हणू शकतो. कारखानदारांचे संघ वर्षानुवर्षे मजुरीबाबत एका सुरात बोलत आले, तेव्हा मात्र हा शब्द कोणाला आठवला नाही.

नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आणि १९४८ चा किमान वेतन कायदा व १९६६ चा विडी कामगार कायदा त्यांत विलीन झाले. सामाजिक सुरक्षा संहितेने मालक-नोकर नात्याबाहेर काम करणाऱ्यांना 'गिग कामगार' असे नाव दिले, त्यांच्यासाठी निधीची तरतूद केली. त्यांचा दर कोणी ठरवावा याविषयी ती गप्प आहे. विडी वळणारीला ज्या 'स्वतंत्र' शब्दातून सुटायला चोवीस वर्षे लागली, त्या शब्दात आता शिकलेल्या मुलांची भरती चालली आहे.

येथे आपल्याकडेही पाहिले पाहिजे. या तरुणांना आपण वर्षानुवर्षे 'मध्यमवर्गीय' म्हणून झटकून टाकले. त्याहून वाईट म्हणजे, संस्थेच्या इमारतीचा नकाशा हवा, हिशोब तपासून हवेत, दाव्याचे कागद करून हवेत, की आपण त्यांच्याकडे जातो आणि 'चळवळीचे काम आहे' म्हणून फुकट करून मागतो. प्रस्तुत लेखकाने हे स्वतः केलेले आहे. दुसऱ्याच्या श्रमाचा दर मागणाऱ्यांनी आपल्या कामाचे बिल आले की कपाळाला आठ्या घालाव्यात, हे शोभणारे नाही.

तेव्हा त्या अभियंत्याला आम्ही सांगितले ते असे. दिवसाचा हिशोब कागदावर मांड आणि तो कागद गिऱ्हाइकाला दिसेल असा भिंतीवर लाव; कोणता खर्च खोटा ते त्याने दाखवावे. काम लेखी घे, एक तृतीयांश रक्कम आगाऊ घे, नकाशाची अंतिम प्रत हिशोब चुकता झाल्यावरच हाती दे. रस्त्यावरच्या दुसऱ्या पाटीवाल्याशी बोल; बंधनकारक दर ठरवू नका, पण कोणत्या मालकाने कोणाचे किती बुडविले, ते एकमेकांना सांगायला कोणताही कायदा आड येत नाही. आणि सोलापुरात विडीच्या दर हजारी मजुरीची बोलणी पुढच्या वेळी सुरू होतील, तेव्हा एक दिवस मोकळा काढून युनियनच्या कचेरीत ये. खोलीचे भाडे, वीज, कात्री, फुकट गेलेले तास, यांचे रकाने आखून द्यायला तेथे तुझ्यासारखा माणूस हवा आहे. त्या दिवसाचे ३,५०० रुपये आम्ही देऊ; आगाऊ किती ते सांग.