तावेर्न बंद करा म्हणणाऱ्यांना, सही न करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. आधीच सांगतो, ही दारूची जाहिरात नव्हे. माझं वय चौऱ्याहत्तर, साखर आहे, डॉक्टरांनी हुर्राकसुद्धा बंद केलाय. त्यामुळे माझा यात काही स्वार्थ नाही. भांडण मात्र आहे, आणि ते आपल्याच माणसांशी आहे.

गेल्या आठवड्यात आमच्या म्हापशाच्या बिल्डिंगमध्ये एक अर्ज फिरला. कोपऱ्यावरच्या तावेर्नाचा परवाना पुढच्या खेपेला वाढवू नये, असा. खाली सह्या होत्या, आणि त्यात बहुतेक आपली मराठी आडनावं. अर्जाला पुरावा म्हणून काय जोडलं होतं? मोबाईलवरचे गिऱ्हाइकांचे अभिप्राय, प्रिंट काढून! एक तारा, दोन तारे. ‘सेवा फार संथ. मालकीण पेपर वाचत होती.’ ‘मेन्यूकार्ड नाही, एसी नाही.’ ‘आतले लोक आपसातच बोलतात.’ ‘दुपारी गेलो तर कुलूप.’

मी सही केली नाही. का नाही केली ते जिन्यात सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो.

ज्यांनी तावेर्न पाहिलेलं नाही, त्या बेळगाव-इंदूर-बडोद्याच्या मंडळींसाठी थोडं सांगतो. तावेर्न म्हणजे तुमचा परमिट रूम नव्हे आणि इंदूरकडचा अहाताही नव्हे (तिकडचे अहाते २०२३ साली बंद झाले म्हणे). बडोद्याच्या मंडळींना तर या गोष्टीची चवच नाही, तिथे दारूबंदी आहे. तावेर्न म्हणजे घराचीच पुढची खोली. चार टेबलं, बाकडी, भिंतीवर खुरीस आणि त्याखाली लाल दिवा, फळीवर काचेचे मोठे गर्राफांव. खायला उकडलेली अंडी, चणे, तळलेला बांगडा असला तर असला, नाहीतर मिठात मुरलेल्या तोराची फोड. अकराला उघडतं, एकला बंद, चारला पुन्हा उघडतं, रात्री नऊला बाय दिवा मालवते. बाय म्हणजे मालकीण. तिच्या आधी तिची सासू बसायची.

गिऱ्हाईक कोण? पहाटेपासून सायकल हाणलेला पदेर, माडावरून उतरलेला पाडेली, मोटरसायकल पायलट, एक निवृत्त मास्तर, आणि कधीमधी मी. टेबलावर ‘गोमन्तक’ असायचा. १९६२ साली तो निघाला तेव्हापासून सासूबाई घ्यायची. तिला स्वतःला मराठी धड वाचता येत नसे, गिऱ्हाइकांसाठी घ्यायची. मास्तर मोठ्याने वाचत, पदेर आणि पाडेली ऐकत. ग्रंथालयाच्या उद्घाटनाला आपण हार घालतो ना, तसला हार या टेबलाला कोणी घातला नाही. पण मराठी पेपर तिथे रोज वाचला गेला आहे, ख्रिस्ती माणसाच्या घरात, ख्रिस्ती माणसाच्या पैशाने. मराठी जगवण्यावर भाषणं देणाऱ्यांनी हे जरा ध्यानात ठेवावं.

आता त्या ताऱ्यांकडे येतो.

सेवा संथ. बरोबर आहे, संथच आहे. मी छत्तीस वर्षं बँकेत काढली. पितळी टोकन हातात देऊन आम्ही लोकांना तासतासभर बसवलं आहे. तेव्हा मोबाईल असता तर आमच्या शाखेला अर्धा तारा मिळाला असता! पण बाय संथ का, हे कोणी विचारलं का? दुसरा कोप ती मुद्दाम उशिरा आणते. अंगणातून जाऊन येते, पोराला हाक मारते, मग आणते. फेणी बेचाळीस टक्क्यांच्या वर असते, पाण्यासारखी ढोसायची वस्तू नव्हे. ज्या बारमध्ये ग्लास रिकामा व्हायच्या आत वेटर दुसरा ठेवतो, त्याला पाच तारे. आणि माणूस शुद्धीवर घरी जावा म्हणून जी वेळ काढते, तिला एक!

दुपारी कुलूप. अहो, ती जेवते, झोपते. यालाच तुम्ही ‘सुशेगाद’ म्हणून टी-शर्टवर छापता आणि नंतर त्याचीच तक्रार करता. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ शांत, स्वस्थ. आळशी असा नव्हे. पहाटे चारला उठून मासळी आणणारी बाई दुपारी दोन तास आडवी झाली तर ती आळशी, आणि आपण रविवारी श्रीखंड-पुरी हाणून पाचपर्यंत घोरतो ते संस्कार?

आतले लोक आपसातच बोलतात. मग काय करावं त्यांनी? तिकीट काढून आलात काय तमाशाला?

एका तारेवाल्यांपेक्षा मला पाच तारेवाल्यांचा राग जास्त येतो. ‘अस्सल गोवा! कोणाला माहीत नसलेली जागा!’ कोणाला माहीत नसलेली म्हणजे काय? शंभर माणसांना तीन पिढ्या माहीत आहे. असल्या कौतुकानेच जागा मरतात. आज फोटो, उद्या रांग, परवा भाडं वाढतं, आणि मग पदेराला त्याच बाकड्यावर बसायला जागा नसते.

आता अर्जातली कारणं बघू.

पहिलं कारण, बायका-मुलींना तिथून जाताना संकोच वाटतो. माझी बायको चाळीस वर्षं त्याच दारावरून जाते. तिला विचारलं. ती म्हणाली, “पावसाळ्यात वीज गेली की त्या रस्त्यावर एकच कंदील असतो, तावेर्नातला. मला तिथे भीती वाटली नाही. भीती वाटते ती हल्ली पुढच्या बंद दुकानांच्या पायऱ्यांवर.” त्या पायऱ्यांवर कोण बसतं? दुकानातून बाटली घेऊन बाहेर पिणारे. त्यांना बाय नाही, बाकडं नाही, बघणारं कोणी नाही.

हे मी उगाच म्हणत नाही, आपण ते करून पाहिलेलं आहे. १ एप्रिल २०१७ ला हमरस्त्यापासून पाचशे मीटरच्या आतली दारूविक्री सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली. आमचं तावेर्नही त्यात सापडलं. पुढे नगरपालिका हद्दीचा खुलासा झाला आणि ते उघडलं. मधले ते काही महिने आठवा. पिणाऱ्यांनी पिणं सोडलं काय? आपल्याच बिल्डिंगच्या गेटपाशी सकाळी बाटल्या सापडत, वॉचमन पोत्यात भरून नेई. तेव्हा याच सोसायटीच्या बैठकीत ‘निदान तिथे आत बसून तरी पीत होते’ असं म्हणणारे आज अर्जावर सही करणाऱ्यांत आहेत. नावं घेत नाही, त्यांना ठाऊक आहे.

दुसरं कारण, फ्लॅटची किंमत पडते. हे खरं कारण. बाकीची शोभेला. मी आयुष्यभर तारण मोजलं, म्हणून सांगतो. ते तावेर्न तुमच्या बिल्डिंगच्या आधीचं आहे. घेताना तुम्हाला ते दिसत होतं, आणि त्याच भावात तुम्ही घेतलंत. आता शेजाऱ्याचं पोट मारून आपल्या चौरस फुटाला भाव आणायचा, याला व्यवहार म्हणत नाहीत.

तिसरं कारण, दारूने घरं बुडतात. इथे मी गप्प होतो, कारण हे खरं आहे आणि मला ते कोणी शिकवायला नको.

माझे थोरले बंधू, आमचे दादा, पिण्याने गेले. १९९४ साली, यकृताने. मी लपवत नाही. याच तावेर्नात ते बसत. म्हणून काही वर्षं मी त्या दारावरून मान फिरवून जात असे. दादांच्या तेराव्यानंतर बायची सासू आमच्या दारात आली. हातात उधारीची वही. मला वाटलं, बाकी मागायला आली. मनात म्हटलं, काय हिंमत! तिने वही उघडून दाखवली. दादांच्या नावापुढे शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची. त्यानंतर तिने त्यांना उधार बंद केलं होतं, आणि मग रोखही. “पात्रांव, पुरो आतां. घरा वचात,” असं ती त्यांना सांगे. दोनदा पोराकरवी आमच्या घरी निरोपही धाडला होता, दादांना सांभाळा म्हणून. तो निरोप मला मिळाला होता. मी म्हटलं होतं, तावेर्नवालीने आम्हाला अक्कल शिकवू नये.

दादा मग लांबच्या दुकानातून बाटली आणू लागले, जिथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं. ती खोलीत दार लावून पीत. बाकी मी फेडायला गेलो तर म्हातारीने पैसे घेतले नाहीत. वहीवर काट मारली आणि गेली.

फेणीनेच दादांना नेलं, हे मी नाकारत नाही. पण त्यांना ‘पुरे’ म्हणणारं सगळ्या म्हापशात एकच माणूस होतं, आणि ते गल्ल्यामागे बसलेलं होतं. आम्ही घरचे, शिकलेले, प्रतिष्ठित लोक, अब्रू झाकण्यात गुंतलो होतो.

आणखी एक कबुली देतो, ती बँकेची. १९८६ च्या सुमाराला हीच म्हातारी आमच्या शाखेत आली होती. फ्रिजसाठी आठ हजाराचं कर्ज हवं होतं. मी अर्जावर शेरा मारला, ‘व्यवसाय इष्ट नाही.’ असा काही नियम नव्हता, तो माझा सोवळेपणा होता. त्याच तिमाहीत किनाऱ्यावरच्या एका हॉटेलाचं मोठं कर्ज मी शिफारस करून पाठवलं. त्यात बार होताच, पण वर ‘पर्यटन’ लिहिलं होतं. ते कर्ज बुडालं. म्हातारीने त्याच दिवशी शेजारच्या काउंटरवर बांगड्या गहाण ठेवल्या, फ्रिज आणला, आणि मुदतीच्या आत बांगड्या सोडवल्या. बी.कॉम. मी, आणि धंदा कळला तिला.

मंडळी, आपला सोवळेपणा हा असा आहे. माझे आजोबा वेंगुर्ल्याहून इथे व्यापाराला आले. घरात कांदा-लसूणसुद्धा वारी बघून. पण सर्दी झाली की साखर घालून जाळलेली फेणी आजी स्वतः द्यायची, आणि गुडघ्याला चोळायची ती वेगळी. बाटली देवघरामागच्या कपाटात. आणायला कोणाला पाठवायची? तावेर्नात, गड्याला, मागच्या दाराने. आज काजूच्या फेणीला २००९ पासून भौगोलिक मानांकन आहे, २०१६ साली सरकारने तिला वारसा पेय म्हटलं. आपल्याच घरची मुलं परगावच्या पाहुण्यांना नक्षीदार बाटली भेट देतात. बाटली वारसा, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या विकणारी बाई कलंक!

अर्जातलं एक कारण मात्र मला मान्य आहे. मागच्या भिंतीशी लोक लघवीला उभे राहतात, घाण होते. हे चूकच आहे. पण त्यावर उपाय मुतारी बांधणं हा आहे. बायशी मी बोललो. तिची जागा द्यायची तयारी आहे, नळ-गटाराचा खर्च तिला एकटीला झेपत नाही. पहिले पाच हजार माझे. सोसायटीने बाकीचे काढावेत. वकिलाच्या फीपेक्षा स्वस्त पडेल, हिशेब मी करून देतो.

आणि ज्यांना अजून सही करायचीच आहे, त्यांनी आधी एकदा चारनंतर तिथे जाऊन बसावं. प्यायला नको, लिम्का मागा. उशिरा येईल. तेवढ्यात मास्तरांच्या जागी आता जो पेपर वाचतो त्याचं ऐका. मग बायला तिच्या तोंडावर सांगा की तुझा परवाना आम्ही बंद पाडतोय. जे तोंडावर सांगता येत नाही, त्यावर सही करू नये, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी एका हेडक्लार्कने शिकवलं होतं. १९८६ साली मी ते विसरलो. या खेपेला विसरणार नाही.

रविवारी सकाळी दहाला सोसायटीची बैठक आहे. मी येतोय. मुतारीच्या खर्चाचा कागद घेऊन.