अतिसारात स्तंभनाची घाई नको

वर्षा ऋतूत दूषित जलामुळे अतिसाराचे रुग्ण वाढतात. 'जुलाब आजच थांबले पाहिजेत' हा नातेवाइकांचा आग्रह प्रत्येक चिकित्सालयात ऐकू येतो आणि औषधविक्रेत्यांकडेही हीच मागणी होते. या आग्रहास चिकित्सकाने बळी पडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमातिसारात प्रारंभीच संग्राही औषध देण्याचा चरकाचार्यांनी निषेध केला आहे. दोष कोंडले गेल्यास आध्मान, अलसक, ग्रहणी यांसारखे विकार उद्भवतात, असे ते सांगतात. अर्वाचीन शास्त्राचा अनुभव याहून वेगळा नाही. शिगा-विष निर्माण करणाऱ्या ई. कोलाय जंतूंच्या संसर्गात आतड्यांची गती रोखणारी औषधे दिल्यास रक्तकणांचा नाश होऊन वृक्क निकामी होण्याचा धोका वाढतो. 'आम' म्हणजेच जंतुविष, असे समीकरण मांडणे उतावीळपणाचे ठरेल. मात्र दोन्ही शास्त्रांचा व्यवहारातील आदेश एकच आहे.

तथापि स्तंभन टाळणे म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. विषूचिकेसारख्या अवस्थेत रुग्ण जंतूमुळे नव्हे, तर जलक्षयामुळे दगावतो. कॉलराचे जंतू आतड्याच्या भिंतीत शिरत नाहीत. त्यांचे विष पेशींतून क्लोराइड व पाठोपाठ जल बाहेर ओतावयास लावते. हे विष कोलकात्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली सिद्ध केले. तीव्र रुग्णात तासाला एक लिटरपर्यंत जल जाऊ शकते. परंतु साखरेबरोबर सोडियम शोषून घेण्याचा पेशींचा मार्ग या विषाने बंद पडत नाही. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मार्गाचा आधार घेऊन मीठ-साखरेचे द्रावण तोंडावाटे दिले आणि सुमारे तीस टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आणले.

काही वैद्यबंधू विचारतात, "षडंगोदक असताना ओआरएस कशासाठी?" षडंगोदक तृष्णा व ज्वर यांसाठी उत्तम आहे, परंतु त्यात मोजून घेतलेले लवण व शर्करा नाही. त्यामुळे ते ओआरएसचे स्थान घेऊ शकत नाही. लाजामंड व पेया जोडीस अवश्य द्यावी. लंघनाच्या नावाखाली तान्ह्या बालकाचे स्तनपान तर कदापि बंद करू नये. बालकांना दहा ते चौदा दिवस जस्त देण्याची जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही आपण निःसंकोच स्वीकारावी. त्याने आयुर्वेदाला कमीपणा येत नाही.

औषधविक्रेत्यांना आमची दोन शब्दांची विनंती आहे. एक लिटर पाण्यासाठीच्या ओआरएसच्या पुडीत मीठ २.६ ग्रॅम व ग्लुकोज १३.५ ग्रॅम असते. नावात 'ओआरएस' मिरवणारी गोड पेये म्हणजे हे द्रावण नव्हे. अशा पेयांच्या नावातून तो शब्द काढण्याचा आदेश अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला, हे ध्यानी असावे. दुसरे असे की, कर्पूररसासारखे अहिफेनयुक्त कल्प वैद्याच्या पत्राविना, विशेषतः बालकांसाठी, देऊ नयेत.

मग कुटज, बिल्व यांना स्थान कोठे? पक्वावस्थेत, दोषपाचन झाल्यावर, ती औषधे आजही आमच्या नित्य उपयोगाची आहेत. मात्र मलात रक्त, तीव्र ज्वर, मूत्राची अल्पता, खोल गेलेले डोळे, ग्लानी किंवा पाणीही न टिकणे यांपैकी एकही लक्षण आढळल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे आणि वाटेतही, रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर, द्रावण घोटघोट देत राहावे.

ग्रामीण भागात रुग्णाची पहिली भेट बहुधा आपल्याशीच होते. त्या पहिल्या तासात आपण जुलाब मोजतो की जलक्षय, यावर अनेकदा रुग्णाचे प्राण अवलंबून असतात. या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या चिकित्सालयात ओआरएसच्या पुड्या व जस्ताच्या गोळ्या यांचा पुरेसा साठा करावा, हे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.