घुमट-आरती आणि संगणकातला उशीर

चवथ जवळ आली की घुमट-आरत्या घरच्या संगणकावर मुद्रित करून ठेवायची हुक्की आपल्याकडे बऱ्याच जणांना येते. कल्पना चांगलीच. दोन माइक आणि यूएसबी इंटरफेस जमतो, आणि मग कोणीतरी जाणकार सांगतो, लिनक्सवर 'जॅक' हवंच, विंडोजवर 'एएसआयओ' हवंच, नाहीतर लेटन्सी येणार! लेटन्सी म्हणजे आवाज माइकमधून आत जाऊन हेडफोनात परत येईपर्यंतचा उशीर.

आता हा उशीर नडतो कोणाला? संगणकातून फिरून आलेला स्वतःचाच आवाज ऐकत जो गातो त्याला, किंवा मिडी कीबोर्डवर सॉफ्टवेअरमधली पेटी वाजवतो त्याला. घुमट, शामेळ, कासाळे घेऊन गोल बसलेली मंडळी एकमेकांना कानांनीच ऐकतात. संगणक बिचारा नुसता टिपून घेतो. तो एकवीस मिलिसेकंद उशिरा टिपतोय की पाच, कोणाला पत्ता?

हिशेब साधा आहे. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले आणि बफर २५६ ठेवला तर एका खेपेला साधारण ५ मिलिसेकंद लागतात. १०२४ ठेवला तर २१. (जाऊन-येऊन अर्थात जास्त.) हवेतून ५ मिलिसेकंदांत आवाज जेमतेम पावणेदोन मीटर जातो, म्हणजे समोरच्या कासाळेवाल्याइतका लांब! उलट बफर फार लहान केला आणि जुन्या मशीनला वेळ गाठता आली नाही, की मुद्रणात 'टक् टक्' उमटते. ती मागाहून काढणे महाकर्मकठीण.

शिवाय 'जॅक' वेगळे बसवण्याची कटकट लिनक्सवर आता फारशी उरलेली नाही. फेडोरात २०२१ पासून आणि उबुंटूत २०२२ पासून 'पाइपवायर' मुळातच येते, आणि जॅकसाठी लिहिलेले बहुतेक प्रोग्राम त्यावर चालतात. गाणाऱ्याला हेडफोन हवाच असेल तर बऱ्याच इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरची सोय असते. तिथे आवाज संगणकात न जाताच परत येतो.

माझा राग सॉफ्टवेअरवर नाही, क्रमावर आहे. आरतीच्या जुन्या चाली आणि लय वाढवायच्या जागा ज्यांना ठाऊक आहेत ती माणसे सत्तरीच्या पुढची. त्यांना तासभर ताटकळत ठेवून आपण सेटिंग्ज चाळत बसलो, तर ती चहा पिऊन उठून जातील. पुढच्या चवथीला ती सगळी असतीलच असे नाही. तेव्हा बफर १०२४, माइकची पातळी जरा कमी, आणि लाल बटण दाबा. कीबोर्डवाल्या नातवाला १२८ चे प्रयोग चवथ झाल्यावर करू देत.