सशांच्या जोडीतले वैर
एकमेकांना चाटत, अंगाला अंग लावून बसणारी सशांची जोडी अचानक एकमेकांवर धावून जाऊ लागते, तेव्हा त्यामागे बहुधा वयात येणे, दातांचे दुखणे किंवा दवाखान्यातून परतलेल्या जोडीदाराच्या अंगाचा परका वास असतो. फैजपूरच्या केळीपट्ट्यात, जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तिथे उष्म्याचा ताणही असतो, कारण ससा मुख्यतः कानांवाटेच उष्णता बाहेर टाकतो. भांडण हातांनी न सोडवता मध्ये सूप सरकवावे, केसांखाली दडलेल्या जखमा चाचपाव्यात, आणि निर्बीजीकरण, म्हणजे प्रजननक्षमता नष्ट करणारी शस्त्रक्रिया, झाल्यावर चार-सहा आठवड्यांनी दोघांना तटस्थ, म्हणजे कोणाचाच हक्क नसलेल्या, जागेत भेटवावे. ‘आपोआप जुळेल’ म्हणून एकत्र कोंडणे हा निव्वळ अडाणीपणा होय.