घरातले सोबती : कासव कुरिअरने जातं का?

इंदूरहून एका ताईंचा मेसेज आला आहे. यजमानांची बदली पुण्याला झाली आहे. सामान पॅकर्सवाले नेणार, माणसं गाडीने जाणार. प्रश्न आहे लकीचा. लकी म्हणजे त्यांच्या मुलानं पाच वर्षांपूर्वी मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेलं कासव. तेव्हा ते पाच रुपयांच्या नाण्याएवढं होतं, आता तळहातात मावत नाही. ताई विचारतात, 'याला नीट पॅक करून कुरिअर करता येईल का? आणि शेजारच्या काकूंकडेही एक कासव आहे, पाठीवर चांदण्या असलेलं. त्या म्हणतात, तुम्ही चाललाच आहात तर हेही पुण्याला माझ्या भावाकडे पोचवा. नेऊ का?'

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे, कुरिअर नको, पण नेता येईल. दुसऱ्याचं उत्तर आहे, अजिबात नेऊ नका. दुसरं आधी घेते, कारण तिथे प्रकरण तुरुंगापर्यंत जाऊ शकतं.

काकूंकडचं कासव वर्णनावरून भारतीय तारा कासव, म्हणजेच स्टार टॉर्टॉइज दिसतं. काळसर, उंचवट्यांची पाठ, त्यावर पिवळ्या रेघांच्या चांदण्या आणि हत्तीसारखे जाड पाय. हे जमिनीवरचं कासव आपल्याच देशातलं आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्यानुसार तारा कासव अनुसूची एकमध्ये आहे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं वाघाच्या रांगेत. ते घरात ठेवणं, विकणं, एका गावाहून दुसऱ्या गावी नेणं, सगळाच गुन्हा. शिक्षा तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास आणि वर दंड. 'आम्ही विकत नाही, फक्त सांभाळतो' किंवा 'देवाचं म्हणून ठेवलंय' हे तिथे चालत नाही. गाडी नाक्यावर अडवली तर डब्यातलं कासव कोणाचं, हे कोणी विचारत बसणार नाही. डबा तुमच्या गाडीत सापडला एवढं पुरेसं आहे.

काकूंना हे गोडीनं सांगा आणि कासव वन विभागाकडे द्यायला लावा. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. मध्य प्रदेशात जवळच्या वन कार्यालयात जाता येईल. मात्र घाबरून गावाबाहेरच्या माळावर सोडून देऊ नका. घरात वाढलेल्या कासवाबरोबर आजारही रानातल्या कासवांपर्यंत जातात आणि मूळचं कुठल्या भागातलं हे ठरवल्याशिवाय सोडणं तज्ज्ञसुद्धा टाळतात.

ही कासवं एवढी कडक संरक्षणाखाली का आली, हे त्यांच्या पॅकिंगवरूनच कळतं. तस्कर त्यांचे पाय चिकटपट्टीनं बांधतात, म्हणजे हालचाल नाही, आवाज नाही. मग मोज्यांत कोंबून सुटकेसमध्ये कपड्यांच्या घड्यांत ठेवतात. पाण्यातल्या कासवांचे हाल याहून मोठ्या संख्येनं होतात. जानेवारी २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यात एकाच छाप्यात पोत्यांत भरलेली सहा हजारांवर कासवं सापडली होती. आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये याच्या उलटा प्रवास झाला. सिंगापूरमध्ये जप्त झालेली ५१ तारा कासवं तिथल्या आणि इथल्या संस्थांनी मिळून, रीतसर परवाने काढून विमानानं कर्नाटकात परत आणली. तोच प्राणी, तेच विमान. फरक कागदपत्रांचा आणि खोक्याचा.

आता लकीकडे वळू.

डोळ्यामागे लाल पट्टा असेल तर तो रेड-इअर्ड स्लायडर. मूळचा अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातला. आपल्याकडे दुकानात 'लकी कासव' म्हणून मिळतो तो बहुतेक हाच. परदेशी असल्यामुळे त्याला तारा कासवाचा कायदा लागत नाही. पण काही परदेशी प्रजातींची नोंद २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. तेव्हा आपल्या कासवाचा फोटो वन कार्यालयात दाखवून प्रजातीची खात्री करून घ्या. लाल पट्टा नसेल, पाठ मऊ असेल किंवा दुकानदार 'देशी आहे' म्हणाला असेल, तर मात्र वरचे परिच्छेद पुन्हा वाचा. गोड्या पाण्यातली आपली बहुतेक कासवं संरक्षित आहेत.

कुरिअर का नको? एक तर कुरिअर कंपन्या सहसा जिवंत प्राणी घेतच नाहीत. 'आत खेळणं आहे' असं लिहून पाठवणारे महाभाग असतात. त्यांचं खोकं मग इतर खोक्यांसारखंच फेकलं जातं, उलटं ठेवलं जातं आणि दुपारी पत्र्याच्या गोदामात पडून राहतं. अमेरिकेत कासवांचा व्यापार मोठा आहे, पण तिथलं सरकारी टपाल खातंही कासव स्वीकारत नाही. सरडे-बेडकांना एक वेळ परवानगी आहे, कासवाला आणि त्याच्या अंड्याला नाही. तिथले विक्रेते खासगी सेवेनं पाठवतात, तेही एका रात्रीत पोचेल असंच आणि सहसा सोमवार ते बुधवार. गुरुवारी-शुक्रवारी पाठवलेलं पार्सल चुकून शनिवार-रविवार कुठे अडकलं तर आतला जीव संपतो, म्हणून. आपल्याकडे अशी सोय नाही. आपली विमानं पाळीव प्राणी म्हणजे मुख्यतः कुत्रा-मांजर समजतात. रेल्वेनं न्यायचं तर आधी पार्सल कार्यालयात विचारावं लागेल. राहिली आपली गाडी, आणि खरं सांगायचं तर तीच सगळ्यात चांगली.

सगळ्यात मोठा गैरसमज पाण्याचा. पाण्यातला प्राणी म्हणून लोक बादलीत किंवा टाकीत पाणी भरून त्यात कासव ठेवतात. गाडीच्या हिंदकळण्यात ते भिंतींवर आपटतं, दमतं आणि दमलेलं कासव बुडूही शकतं. हो, कासव बुडतं. त्याला कल्ले नसतात, आपल्यासारखी फुप्फुसं असतात. जगभर पाण्यातली कासवं पाण्याबाहेर काढूनच, ओलसर अस्तरावर नेली जातात. तळहाताहून मोठा, निरोगी स्लायडर बारा-पंधरा तास पाण्याबाहेर आरामात राहतो. नाण्याएवढी पिल्लं लवकर सुकतात, त्यांना लांबच्या प्रवासाला नेऊच नये.

खोकं म्हणाल तर झाकण घट्ट बसणारा, जाड प्लास्टिकचा डबा किंवा छोटा क्रेट. आकार कासवाच्या दीडपट. फार मोठा डबा प्रेमानं घेऊ नका, वळणावर ते आत घरंगळत जाईल. हवेची छिद्रं बाजूंना पाडा, फक्त झाकणावर नको, कारण वर कोणीतरी पिशवी ठेवणारच. गरम सळईनं आतून बाहेर छिद्र पाडलं की धारदार कडा बाहेरच्या बाजूला येतात. मग त्या घासून घ्या. छिद्र एवढंच असावं की त्यात नख किंवा पाय अडकणार नाही. तळाला जुना सुती टॉवेल, भिजवून घट्ट पिळलेला. हात लावला तर ओल कळावी, पाणी साचू नये. बाजूंना चुरगळलेला टॉवेल किंवा कागद दाबून बसवा, म्हणजे ते उलटणार नाही. टाकीतले दगड, खेळणी, शिंपले काहीही सोबत ठेवायचे नाहीत. कासवं दोन असतील तर डबेही दोन. एरवी गुण्यागोविंदानं राहणारी कासवं अंधारात, हलत्या डब्यात एकमेकांना चावतात, ओरबाडतात.

उलटणं एवढं वाईट का, असं कोणी विचारेल. कासवाची फुप्फुसं पाठीच्या कवचाखाली, वरच्या बाजूला असतात. पाठीवर पडलं की पोटातल्या सगळ्या अवयवांचा भार त्यांच्यावर येतो. म्हणून डब्यावर मोठ्या अक्षरांत 'जिवंत प्राणी' आणि वरच्या दिशेचा बाण काढा. स्वतःच्या गाडीतसुद्धा. सामान चढवणारी माणसं तुमची नसतात.

पॅकर्सच्या ट्रकमध्ये कासव चुकूनही देऊ नका. टाकी, फिल्टर, दिवा खुशाल द्या, टाकी रिकामी करून. फिल्टरचा स्पंज मात्र धुऊ नका. तो टाकीच्याच पाण्यात ओला ठेवून पिशवीत सोबत घ्या. त्यातले उपयोगी जीवाणू नव्या घरी टाकीचं पाणी लवकर स्थिर करतात.

निघण्याच्या आधी एक-दोन दिवस खाणं बंद. ऐकायला क्रूर वाटतं, आजीला तर हे अजिबात पटणार नाही. पण सरपटणाऱ्या प्राण्यांचं पचन संथ असतं, मोठ्या कासवाला दोन दिवसांचा उपास काहीच नाही. भरल्या पोटी प्रवास केला तर ते ओकतं किंवा डबा घाण करतं आणि त्याच घाणीत तासन्‌तास बसतं. पाण्यात मात्र शेवटपर्यंत राहू द्या.

आता उष्णता. कासवाचं अंग तापलं तर आपल्यासारखा घाम येत नाही. टाकीत ते ऊन लागलं की पाण्यात शिरतं, गार वाटलं की दिव्याखाली येतं. त्याचा पंखा आणि हीटर म्हणजे ही ये-जा. डब्यात बंद केलं की ती ये-जा थांबते आणि तापमानाची सगळी जबाबदारी तुमच्यावर येते. आत साधारण २२ ते २८ अंश राहिलं पाहिजे. इंदूर ते पुणे सहाशे किलोमीटरच्या आसपास, सेंधवा, धुळं, मालेगाव करत अकरा-बारा तास. मे महिन्यात धुळ्याची दुपार काय असते हे त्या रस्त्यानं गेलेल्याला विचारा. गाडी चालवणारे दोघं असतील तर संध्याकाळी निघा. डबा डिकीत नको, मागच्या सीटच्या पायाशी ठेवा, एसीच्या झोतासमोर नको आणि खिडकीच्या उन्हातही नको. फार उकाडा असेल तर हा डबा थर्मोकोलच्या मोठ्या, छिद्रं पाडलेल्या खोक्यात ठेवता येतो. बर्फाची पिशवी लावायचीच तर टॉवेलात गुंडाळून बाहेरच्या खोक्यात, कासवाला टेकेल अशी कधीच नाही. आणि जेवायला उतरलात तर एक जण गाडीत थांबा, एसी चालू ठेवून, किंवा डबा सोबत घ्या. उन्हात उभी केलेली बंद गाडी थोड्याच वेळात भट्टी होते.

वाटेत तीन-चार तासांनी झाकण उघडून पाहा. टॉवेल सुकला असेल तर पाणी शिंपडा, बास. 'बघू दे ना, कसा आहे' म्हणत मुलं दर अर्ध्या तासानं झाकण उघडतील, तेवढं थांबवा. अंधारात कासव शांत पडून राहतं, उजेड दिसला की धडपडायला लागतं. हाताळल्यावर प्रत्येकानं साबणानं हात धुवायचे. कासवाच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. त्यापायीच अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे, कारण लहान मुलं ती तोंडात घालत. पाच वर्षांखालच्या मुलाकडे डबा देऊ नका आणि तो स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका.

'एवढा खटाटोप करण्यापेक्षा इथल्या तळ्यात सोडून देऊ का?' हे ताईंनी विचारलं नाही, पण अनेक जण विचारतात आणि न विचारता करतातही. स्लायडर जगातल्या शंभर सर्वाधिक उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत आहे. तो आपल्या कासवांचं खाणं खातो, उन्हाला बसायच्या जागा बळकावतो आणि वीस-तीस वर्षं जगतो. केरळमध्ये तो कालव्यात सापडायला लागल्यावर तिथल्या वन संशोधन संस्थेला 'नको असतील तर आम्हाला आणून द्या' असं लोकांना सांगावं लागलं. आणि ज्यांना नशिबासाठीच कासव हवं आहे, त्यांनी पितळेचं आणावं. त्याचं पाणी बदलावं लागत नाही आणि बदली झाली तर ते भांड्यांच्या खोक्यात जातं.

पुण्यात पोचल्यावर लगेच खायला घालायची घाई करू नका. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवलेलं असेल असं बघा. ते घरातल्या तापमानाला आलं की उथळ टबात कासवाच्या अर्ध्या उंचीएवढं भरून त्याला त्यात सोडा. ते पाणी पिईल, डोळे उघडेल, मग हळूहळू फिरायला लागेल. टाकी दुसऱ्या दिवशी लावली तरी चालते. खाणं त्यानंतर आणि थोडंच. नव्या जागी चार-पाच दिवस ते खाणार नाही, त्याची काळजी नको. पण डोळे सुजले, नाकातून बुडबुडे आले, तोंड उघडं टाकून श्वास घेऊ लागलं किंवा पोहताना एका बाजूला कलू लागलं, तर तो न्यूमोनिया असू शकतो. अशा वेळी वाट न बघता सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. असा डॉक्टर प्रत्येक भागात मिळत नाही, म्हणून त्याचा नंबर इंदूर सोडायच्या आधीच शोधून ठेवा.