बाबांच्या खिशातलं स्टेशन

राईला रेल्वे स्टेशन नाही. भाईंदर पश्चिमेला उतरायचं, बस नाहीतर रिक्षा पकडायची आणि उत्तनच्या रस्त्याला लागायचं, की मुर्धा, राई, मोर्वा ही गावं लागतात. सकाळी ऑफिसला जाताना हाच प्रवास उलटा. म्हणजे राईत घर कितीही मस्त असो आणि चर्चगेटला नोकरी कितीही भारी असो, मधे भाईंदर स्टेशन आणि तिथून निघणारे रूळ नसतील तर तुमची आणि तुमच्या बॉसची भेट होणं कठीण. (काहींना ही आयडिया आवडेल, पण ते जाऊ द्या!)

तुमची-माझी सुरुवात झाली तेव्हाही नेमका हाच प्रश्न होता. आईचं अंडं आणि त्यात नुकताच शिरलेला बाबांचा शुक्राणू. दोघांची केंद्रकं, म्हणजे डीएनएच्या दोन पिशव्या, अंड्याच्या दोन टोकांना. आता त्यांनी भेटायचं कसं? अंडं लहान आहे म्हणता? आहेच. मोहरीच्या, म्हणजे राईच्या एका दाण्यावर अशी दहा-पंधरा अंडी एका रांगेत बसतील. पण आतल्या केंद्रकासाठी हे अंतर म्हणजे भाईंदर ते चर्चगेट. चालत जाणं शक्य नाही. रूळ हवेत, आणि रूळ जिथून निघतात ते स्टेशन हवं.

निसर्गाचा फंडा असा, की हे स्टेशन बाबा घेऊन येतात. अक्षरशः खिशात घालून!

ही गोष्ट आधी कळली ती माणसात नाही, सी अर्चिनमध्ये. सी अर्चिन म्हणजे समुद्रातला काटेरी चेंडू, साळिंदराचं गोल व्हर्जन म्हणा हवं तर. राईच्या खाडीतल्या गाळात तो भेटायचा नाही. त्याला खडक आणि चांगलं खारं पाणी लागतं. शास्त्रज्ञांचा तो लाडका, कारण त्याचा कारभार एकदम ओपन. मादी लाखो अंडी थेट पाण्यात सोडते, नर शुक्राणू सोडतो आणि लग्न भर समुद्रात लागतं. अंडंही बऱ्याच जातींत पारदर्शक. बशीत समुद्राचं पाणी घ्या, दोन्ही मिसळा, मायक्रोस्कोपला डोळा लावा... पिक्चर सुरू! मिनिटाभरात अंड्याभोवती एक पडदा फुगून वर येतो. हा 'हाउसफुल्ल'चा बोर्ड. आणखी तास-दोन तासांत एका पेशीच्या दोन होतात.

१८७५ साली ऑस्कर हर्टविग या जर्मन शास्त्रज्ञानं भूमध्य समुद्राकाठी हाच पिक्चर पाहिला आणि दोन केंद्रकं एकमेकांजवळ येऊन एक होताना टिपली. पुढे १८८८ मध्ये थिओडोर बोव्हेरी यांनी त्या स्टेशनाला नाव दिलं, सेंट्रोसोम. त्यातून निघणारे रूळ म्हणजे मायक्रोट्यूब्यूल, ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या बारीक पोकळ नळ्या. जाडी २५ नॅनोमीटर. आपल्या केसाच्या जाडीत अशा दोन-तीन हजार नळ्या शेजारी शेजारी मावतील.

शुक्राणू आत शिरला की त्याचा सेंट्रोसोम अंड्यातलंच ट्यूब्युलिन वापरून चहूबाजूंनी रूळ टाकायला लागतो. म्हणजे माल आईचा, स्टेशन बाबांचं. चांदणीसारखा पसारा तयार होतो. हे रूळ आईच्या केंद्रकापर्यंत पोचले की डायनिन नावाचं इंजिन त्याला ओढत स्टेशनकडे आणतं. भेट होते. मग त्या एका स्टेशनाची दोन होतात, दोन टोकांना जातात आणि गुणसूत्रांची समसमान वाटणी करून पेशीचे दोन भाग करतात. आपला सगळा देह याच वाटणीतून वाढत जातो.

स्टेशन जास्त झाली तर? तो लोच्याही बोव्हेरी यांनी पाहून ठेवलाय. अंड्यात दोन शुक्राणू घुसले की दोनाच्या जागी चार टोकं तयार होतात, गुणसूत्रांची वाट्टेल तशी वाटणी होते आणि बहुतेक गर्भ टिकत नाहीत. तो 'हाउसफुल्ल'चा बोर्ड उगाच नाही!

आणि रूळच उखडले तर? त्यासाठी लागणारं औषध आपल्या कोकणातल्या कुंपणावर उगवतं. पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं येणारी कळलावी पाहिलीय? तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. ते ट्यूब्युलिनला चिकटतं आणि नवे रूळ बनूच देत नाही. सी अर्चिनच्या अंड्यांवर हा प्रयोग झालाय. शुक्राणू आत शिरतो, पण दोन केंद्रकांची भेट होत नाही. प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी जिचा कंद वापरायचे, तीच वेल पहिल्या भेटीत असा खोडा घालते. (कृपया घरी ट्राय करू नका, कळलावी जबरदस्त विषारी आहे.)

आता गंमत ऐका. उंदीर आपला सी अर्चिनपेक्षा कितीतरी जवळचा नातेवाईक. पण उंदरात बाबांचं स्टेशन चालत नाही, अंडं आपली सोय आपणच करतं. माणसाचं मात्र सी अर्चिनसारखं. १९९०च्या दशकात माणसाच्या अंड्यांचा अभ्यास झाला तेव्हा हे स्पष्ट झालं. सी अर्चिनवर आधी काम केलेले जेराल्ड शॅटन त्यात होते. मायटोकॉन्ड्रिया आईकडून आणि सेंट्रोसोम बाबांकडून, असा हा हिशोब.

मुंबईत ही भेट काचेच्या बशीत घडवली गेली त्यालाही बरीच वर्षं झाली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. देशातली पहिली, असा तेव्हा गाजावाजा झाला. पण कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी ३ ऑक्टोबर १९७८ लाच ही किमया केली होती. तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्यांची टिपणं तपासून १९९७ मध्ये 'पहिला मान त्यांचा' असं जाहीरपणे सांगितलं ते आनंद कुमार यांनीच. स्वतःच्या नावावरचं 'पहिलं' दुसऱ्याला देऊन टाकायचं म्हणजे सॉलिड मन लागतं, बॉस.

असंच मन आपल्या घराघरांत हवंय. लग्नाला दोन वर्षं झाली की हळदीकुंकवापासून सोसायटीच्या लिफ्टपर्यंत प्रश्न सुरू. 'काय मग, गोड बातमी कधी?' प्रश्न तिला. उपास तिचे. सोनोग्राफी तिची, रक्ताच्या तपासण्या तिच्या, ऑफिसातून हाफ डे तिचा. आणि तो? 'माझ्यात काय प्रॉब्लेम असणार?' असं म्हणून चॅनल बदलतो.

तर मित्रा, मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या केसेसमध्ये पुरुषाकडच्या कारणाचा वाटा असतो. कधी शुक्राणूंची संख्या कमी, कधी त्यांची हालचाल मंद. आणि क्वचित असंही होतं, की शुक्राणू अंड्यात शिरतो, अगदी इक्सी करून सुईनं आत सोडला तरी, पण रूळच टाकले जात नाहीत. दोन केंद्रकं एकाच अंड्यात राहूनही भेटत नाहीत. नेहमीच्या रिपोर्टमध्ये संख्या, हालचाल आणि आकार कळतो, हे स्टेशन त्यात दिसत नाही. म्हणजे नॉर्मल रिपोर्ट हातात आला म्हणून बायकोकडे बोट दाखवायचा परवाना मिळत नाही.

डॉक्टरांचा साधा नियम आहे. वर्षभर प्रयत्न करूनही यश नाही, तर तपासणी करा. ती पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. आणि पहिल्याच दिवशी दोघांची. त्याची टेस्ट सगळ्यात सोपी. ना सुई, ना भूल, ना ॲडमिट व्हायची भानगड. अडचण असते ती फक्त इगोची!

तेव्हा यापुढे कुणी तिला एकटीला गाठून 'गोड बातमी'बद्दल विचारलं, तर उत्तर तू दे. म्हणावं, 'काकू, आम्ही दोघंही डॉक्टरांकडे जाऊन आलोय.' एवढ्या एका वाक्यानं तिच्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरेल.